तीन नंबरची कॅसेट

दादा, हनीफभाई जालन्याला गेला नव्हता. तो दुकानातच बसला होता, नाकावर चष्मा, हातात कुणाचा तरी रिमोट. मी रस्त्याच्या पलीकडे रसवंतीच्या आडोशाला उभा राहून त्याला पाहिलं आणि तसाच घरी आलो. तुझ्या उशाशी बसून सांगितलं, "तो लेकीकडं गेला, जालन्याले. कवा येईन काही सांगता येत नाही."

तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "मंग पाळक साहेबाईले सांग, तो आल्यावर घेतो म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चचे पाळक साहेब प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला पांढऱ्या रुमालाखाली झाकून घरी आले. तू मान हलवून नको म्हणालास. त्यांनी प्रार्थना केली आणि झाकलेलं तसंच झाकलेलं परत नेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, पाळक साहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा या जागेवर आलो की मी पुढची विनंती घेतो. तुला माती देऊन एकवीस दिवस झाले. आज शाळेला सुट्टी आहे, तुझ्या खोलीत बसून लिहितोय. तोंडानं मी तुझ्याशी असं कधी बोललो नाही, पण कागद पुढं आला की शाळेच्या ऑफिसातली भाषा हातात येते. आयुष्य कारकुनीत गेलं. सांभाळून घे.

हनीफभाईला मी का आणलं नाही, ते सांगायचं तर तीस वर्षं मागं जावं लागतं. ज्या गोष्टीसाठी तू त्याच्याशी तीस वर्षं बोलला नाहीस, ज्यासाठी बसस्टँडला जाताना त्याचं दुकान लागू नये म्हणून मागच्या गल्लीनं सायकल काढायचास, ती गोष्ट त्यानं केलेली नव्हती. मी केली होती.

पण लगेच तिथं जात नाही. आधी तुमचे चांगले दिवस एकदा आठवून घेतो. मला तेवढाच आधार आहे.

तू देऊळघाटला लाइनमन. संध्याकाळी चिखलीत उतरलास की सायकल आधी हनीफभाईच्या टेप-रेडिओच्या दुकानावर. मी शाळेतून थेट तिथंच यायचो, कारण घरी कोणी नव्हतं. आई-बाबा गेल्यावर तूच मला वाढवलंस. तुमचा खेळ ठरलेला. हनीफभाई काउंटरखाली कॅसेट घालायचा, नुसता एक टकोरा ऐकवायचा आणि बटण बंद. तू गाणं ओळखायचास. सतारीच्या एका तारेवरून ओळखायचास, ढोलकीच्या आधीच्या खरखरीवरून ओळखायचास. एकदा त्यानं कोरी कॅसेट लावली. तू कान लावून ऐकलंस आणि म्हणालास, "हे तुह्या डोक्यातलं गाणं हाय बे." दुकानात उभी असलेली गिऱ्हाइकं हसत सुटली.

"शामू," तो म्हणायचा, "तू जन्नत में जाके भी पैले पूछेगा, रेडिओ किधर रखा है?"

"आन तू तिथंबी दुकान लावशीन. टेपचे हेड साफ करून देतो म्हणून पाटी."

"लगाऊंगा ना. तेरेकू उधार में करके दूंगा."

नाताळाला त्याच्या घरी करंज्यांचा डबा जायचा, ईदला आपल्याकडे शीरखुर्म्याचा. मंडळीत, रविवारच्या उपासनेला, तू पेटी वाजवायचास. गायनाच्या दोन कडव्यांच्या मधे बोटं हळूच कुठल्या तरी जुन्या गाण्याच्या वळणावर जायची आणि परत यायची. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका पदर तोंडाशी धरून हसायच्या. एकदा मंडळीच्या पंचांनी बाहेर अडवून विचारलं, "शमुवेल, मधात ते काय वाजवलं?" तू टोपी हातात घेऊन अगदी नम्रपणे म्हणालास, "प्रभूले ओळखू आलं असन. तुमाले नाही आलं तर मी काय करू?"

आणि विमलवहिनी. लग्न होऊन आली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. आपलं घर पहिल्यांदा घरासारखं तिच्यामुळं झालं. तिच्या आधी आपण दोघं संध्याकाळची प्रार्थना उरकायचो; तिनं ती करायला शिकवली. पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन ती मोठ्यानं वाचायची, आणि मधेच थांबून स्वतःचं काही तरी बोलायची. ते डोंगरांकडे डोळे लावून मदतीची वाट पाहणाऱ्याचं स्तोत्र तिचं आवडतं. ते वाचताना एकदा म्हणाली, "अवो, आपल्याकडं डोंगर म्हंजे बुलढाण्याचा घाट. तिकडून तं यष्टीच येते, अन् तीबी उशिरा." तू इतका हसलास की आमेन म्हणायचं राहून गेलं.

प्रार्थना झाली की रेडिओ. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागला की तू टेप रेडिओसमोर ठेवून रेकॉर्ड करायचास आणि बोट ओठावर. सगळ्यांनी चूप बसायचं. ती कसली चूप बसते! तुझ्या सगळ्या कॅसेटींत गाण्यामागं तिच्या बांगड्या आहेत, तवा आहे, "बाई बाई, हे तं माह्या मायचं आवडतं गाणं" आहे. होतं.

लग्नाच्या पाचव्या वर्षी ती काविळीनं गेली. नऊ दिवसांत. लेकरू नव्हतं. फोटो दोनच, दोन्हींत डोळे मिटलेले.

त्यानंतर तुझ्या फळीवर सात कॅसेटी राहिल्या. प्रत्येकीवर तुझ्या अक्षरात 'जुनी गाणी' आणि पुढं नंबर. तीन नंबरच्या कॅसेटीची मागची प्लास्टिकची पत्ती तू मोडून ठेवली होतीस, म्हणजे तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होऊ नये. ती तू वर्षातून एकदाच, वहिनी गेली त्या दिवशी, दार लावून ऐकायचास. फीत झिजेल म्हणून एकदाच. मला वाटायचं, तू गाणी ऐकतोस. खरंच वाटायचं, दादा. तिच्यात काय आहे ते तू मला सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आपल्या घरात विचारायची पद्धत नव्हती.

तेविसाव्या वर्षी नांदुऱ्याला संजीवन सभेला गेलो. तीन दिवसांची सभा. पहिल्याच दिवशी मी रडत पुढं गेलो आणि माझा नवा जन्म झाला असं सर्वांसमोर सांगितलं. खोटं नव्हतं ते. आजही ते मी खोटं मानत नाही. पण माझ्यासारख्या घुम्या माणसाला एकदम इतकं खरं सापडलं की त्याचं काय करावं कळत नाही. एक शब्द मी तिथून घेऊन आलो: जगिक. विडी जगिक, सिनेमा जगिक, गाणी जगिक. दुसऱ्या दिवशी घरी येऊन मी तुला म्हणालो, "दादा, हे जगिक हाय. हे फेकून दे."

तू पेटीचा भाता पुसत होतास. "दाविदाच्या वीणेच्या तारा कोण्या मंडळीनं दिल्या होत्या काय रे?" तू विचारलंस.

"ते वेगळं."

"काऊन वेगळं? तो मेंढरामागं गात होता तवा त्याले माहीत होतं काय, का हे पुढं शास्त्रात जाईन म्हणून?"

कोणी असं अडवलं की तेव्हा मला राग यायचा. तिसऱ्या दिवशीचं शेवटचं वचन, म्हणजे प्रवचन, रेकॉर्ड करून आणावं असं मनात होतं. कोरी कॅसेट घरात नव्हती. तू देऊळघाटला गेलास आणि मी फळीवरून एक कॅसेट उचलली. तीन नंबर का? तिला पत्ती नव्हती म्हणून. मोडलेली पत्ती पाहिली आणि वाटलं, या जगिक गाण्यांना जपायला एवढं कुलूप! रविवारच्या शाळेच्या एका जुन्या पत्रकाची घडी करून त्या खाचेत ठोसली, टेप खांद्याला लावला आणि नांदुऱ्याची गाडी धरली. सबंध वाटेत मी खूश होतो. जगिक पुसून वचन भरणार होतो. याहून चांगलं काय असतं?

वचन लांबलं. एक बाजू भरली, कॅसेट उलटवली, दुसरीही बहुतेक भरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू कामावर होतास. मी ते वचन पुन्हा ऐकायला लावलं. संपलं. खट्ट असा आवाज झाला आणि त्याच्या पुढं गाणं नव्हतं. वहिनी होती. मागं बारीक वाजणारा रेडिओ, शास्त्र मिटल्याचा आवाज, मग "आमेन", मग ती हसली. तू काही तरी म्हणालास, ते नीट कळलं नाही. मग ती टेपजवळून म्हणाली, "भाऊजी, या ना जेवाले, थंडं होऊन राह्यलं." आणि कॅसेट संपली.

भाऊजी म्हणजे मी. ती मला बोलवत होती.

तेव्हा मला समजलं की त्या कॅसेटीत गाणी अशी नव्हतीच. त्या दिवशी प्रार्थनेआधीच लावलेला रेडिओ बंद करायचा राहिला, टेप बंद करायचा राहिला, आणि एक सबंध संध्याकाळ तिच्यात शिरली होती: तिची प्रार्थना, तिचं स्तोत्र, तिची बडबड. त्यातली मी अर्ध्या मिनिटाएवढी ठेवली होती.

इथवर मला क्षमा मागता आली असती. अजाणतेपणी केलं, असं म्हणता आलं असतं. तू रडला असतास, मारलंही असतंस, आणि मग ते अर्धं मिनिट आपण दोघांनी मिळून ऐकलं असतं. पुढचं मात्र अजाणतेपणी केलेलं नाही, आणि तेच आता लिहायला हात थांबतोय.

कॅसेटीवर नांदुऱ्याचं वचन होतं. ते ऐकलंस की कोणी केलं ते तुला लगेच कळणार होतं. म्हणून मी ते पुसायला घेतलं. हनीफभाईनंच मला शिकवलं होतं, माइकच्या भोकात रिकामी पिन घालून रेकॉर्ड दाबलं की कॅसेट अगदी कोरी होते, साधी खरखरसुद्धा राहत नाही. पिन घातली. एक बाजू कोरी केली. दुसरी लावली. वचन जिथं संपत होतं तिथं थांबायचं, असं ठरवून बसलो होतो. बटणावर बोट होतं. थांबलो नाही. तेवढंच उरलं तर तू विचारशील, बाकीचं कुठं गेलं? या एका विचारानं मी वहिनीचा आवाज शेवटपर्यंत जाऊ दिला. ती मला जेवायला बोलावत होती त्याच्यावरूनही. मग खाचेतला कागद काढून चुलीत टाकला.

आठवड्यानं तू टेप हनीफभाईकडे नेलास, हेड साफ करायला. कॅसेट त्याच्यातच होती. मी ती काढून फळीवर ठेवली नव्हती; टेप परत आणल्यावर तूच ठेवलीस. विसरलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं.

तीन महिन्यांनी वहिनीचा दिवस आला. तू दार लावलंस. मी ओट्यावर बसलो होतो. बराच वेळ काहीच नाही. मग दार उघडलं आणि तू कॅसेट हातात घेऊन चपला न घालता निघालास. मी मागून.

"हनीफ, हे कोरं काऊन हाय?"

त्यानं कॅसेट घेतली, फिरवून पाहिली. "पत्ती तुटी है, शामू. इसमें कुछ मिटताच नहीं."

"पत्ती नसली तरी मशीनीतली कळ बोटानं दाबली तं मिटते. तू दाबतो. म्या पाह्यलं हाय दाबतानी."

"टेस्टिंग के टाइम दाबता कभी कभी... पर मैं दुसरी कॅसेट डालता, भाई. हमेशा दुसरी डालता."

"अशी कोरी कॅसेट गावात कोणाले करता येते? सांग ना बे. तुह्याशिवाय कोणाले येते?"

मला येत होती. मी तुझ्यापासून हातभर लांब उभा होतो. हनीफभाईनं कॅसेट लावली, कान अगदी जवळ नेला आणि बराच वेळ ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. दिवसाला वीस-पंचवीस मशीन हाताखालून जाणारा माणूस तो. तीन महिन्यांपूर्वी आपलं बोट कुठं होतं याची खात्री कोण देईल? तो म्हणाला, "हुआ होगा. मुझसेच हुआ होगा, शामू. क्या था इसमें?"

तू सांगितलंस काय होतं ते. त्यानं कॅसेट काढून काउंटरवर ठेवली. दोन्ही हात जोडले.

"माफ केलं," तू म्हणालास. मोठ्यानं, सबंध दुकानाला ऐकू जाईल असं, कारण तसं करावं असंच आपल्याला शिकवलेलं. आणि त्यानंतर त्या दुकानाची पायरी तू कधी चढला नाहीस.

पुढच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीची थाळी पेटीजवळ आली आणि तू ती न घेता पुढं सरकवलीस. प्यालाही. हात लगेच परत सुरांवर. कोणाच्या लक्षात आलं नाही. वाजवणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, सर्वांना वाटलं नंतर घेत असेल. मला दिसलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पुढं मीच मंडळीचा वडील, म्हणजे पंचांपैकी एक, झालो, थाळी फिरवण्याचं काम माझ्याकडे आलं. महिन्याच्या महिन्याला मी स्वतःच्या हातानं तुझ्यासमोर भाकर धरायचो आणि तू मान हलवायचास. मी स्वतः मात्र घेत होतो.

आणि माझा निर्लज्जपणा पाहा. एकदा मीच तुला समजवायला आलो. मनात कोणाविषयी काही असेल तर अर्पण वेदीजवळच ठेवून आधी जाऊन समेट कर, या अर्थाचा अध्याय मी त्याच सकाळी उपासनेत वाचला होता. तू अंगणात सायकलला तेल देत होतास.

"दादा, हनीफले मनापासून माफ करून टाक ना. कितीक दिवस असं राहशीन?"

"तोंडानं केलं रे. आतून होत नाही. रोज प्रार्थनेत क्षमेची ओळ येते, अन् माहा आवाजच निंगत नाही." मग माझ्याकडं वर पाहून, अगदी मायेनं, म्हणालास, "तुले नाही समजणार ते. तुह्या मनात कोणाची अढी नाही. तू सुखी हायेस बाप्पा."

मी हो म्हणालो. तेलाची कुपी उचलून आत ठेवली.

मी साक्ष देण्यात हुशार आहे, दादा, तुला माहीत आहे. दर सभेला मला उभं करतात. विडी सांगतो, सिनेमे सांगतो, परीक्षेतली कॉपीसुद्धा सांगतो. बाया डोळे पुसतात. ऐकणाऱ्याला आवडतील अशी पापं मी निवडून ठेवली होती. ही कॅसेट त्यांत कधी आली नाही. ती सांगितली असती तर मला तिथून उठून कोणाच्या तरी दुकानात जावं लागलं असतं.

तू पुन्हा गाणी ऐकलीस का कधी? मी घरात असताना नाही. बाकीच्या सहा कॅसेटींतल्या तिच्या बांगड्याही तुला ऐकवेनात, त्या तू दुसऱ्याच वर्षी कोणाला तरी देऊन टाकल्यास. पेटी वाजवत राहिलास, पण कडव्यांच्या मधली ती बारीक वळणं गेली. सरळ वाजवायला लागलास. पंच म्हणाले, शमुवेल आता पोक्त झाला. मला कधी कधी आठवायचं आणि वाटायचं, आज तरी यानं मधेच ते काही तरी वाजवावं, आणि म्हाताऱ्यांनी हसावं. तेव्हा मी तुला जगिक म्हणालो होतो. त्या शब्दाचं आपलं भांडण अर्धंच राहिलं. आज ते मी हरतो. वहिनीच्या स्तोत्रामागं ते गाणं वाजत होतं आणि दोन्ही मिळून एकच प्रार्थना होती. तुला ते माहीत होतं, म्हणूनच तू वाद वाढवला नाहीस, नुसता भाता पुसत बसलास.

मग तू आजारी पडलास. शेवटच्या आठवड्यात तुझा श्वास दोन शब्दांनी तुटायचा. त्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणालास, "पाळक साहेब उद्या येऊन राह्यले. त्याच्या आधी हनीफले आण. मले त्याचा हात हातात घेऊ दे एक डाव. आता होते रे. आतून होते आता."

तीस वर्षांनी तुझ्या आतून ते झालं होतं, आणि मला काय दिसलं? तुम्ही दोघं एका खोलीत. तो म्हणणार, शामू, मैंने सच में दुसरी कॅसेट डाली थी. तू विचार करणार. तुम्ही दोघं जुनी माणसं, एका टकोऱ्यावरून गाणं ओळखणारी. मला ओळखायला तुम्हाला किती वेळ लागला असता? म्हणून मी रसवंतीमागून परत फिरलो. मरणाऱ्या भावाच्या तोंडची भाकर मी माघारी पाठवली. आणि तुझ्या मनात शेवटी एवढंच राहिलं असेल की हनीफ आला नाही.

तो आला होता, दादा. कोणी कळवलं कोण जाणे. कबरस्तानात सगळ्यांच्या मागं उभा होता, धुतलेली टोपी, हातात काठी. पाळक साहेबांचं झालं, आपल्या लोकांनी माती दिली, मग तो काठी बाजूला ठेवून हळूहळू वाकला आणि त्यानं तीन मुठी माती टाकली. काहीतरी पुटपुटला. उठताना तोल जात होता, मी हात दिला. त्यानं हात सोडला नाही.

"छोटे, आखरी में मेरे बारे में कुछ बोला क्या वो?"

"तुमची आठवण काढली," मी म्हणालो.

"माफ किया बोला? दिल से?"

तेवढ्यात मंडळीनं गायन सुरू केलं. मी त्या आवाजाचा आधार घेतला, ऐकू न आल्यासारखं केलं. तो स्वतःच मान हलवून म्हणाला, "नहीं किया होगा. कैसे करता? उसके बीवी की आवाज थी. मेरे हाथ से गई." आणि आपली बोटं त्यानं माझ्यापुढं धरली. म्हाताऱ्या माणसाची, नखांत सोल्डरचा काळा डाग. "उसके बाद मैंने बोट से कळ कभी नहीं दाबी, छोटे. किसी की भी मशीन में नहीं."

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं. थाळी माझ्या हातात होती. सगळ्यांना दिली, मी घेतली नाही. पाळक साहेबांनी पाहिलं, पण विचारलं नाही. तू एवढी वर्षं काय धरून बसला होतास ते मला थोडं कळलं. तुझं अढीचं होतं. माझं त्याहून वाईट आहे.

तुझे माझ्यावर इतके उपकार आहेत की मोजायला बसलो तर तुला हसू येईल. सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडणं, माझ्या लग्नात रात्रंदिवस खपणं, पेटीवर माझी बोटं धरून सूर दाखवणं. त्यांचं परत काही देता येणार नाही, कारण घ्यायला तू नाहीस. वहिनीचा आवाजही देता येणार नाही. मला तो आठवतो, पण आठवलेलं कॅसेटीत भरता येत नाही, आणि अलीकडं तोही पुसट झालाय. तुला सांगायला हवं होतं ते सांगायचं राहिलं. या कागदानं ते भरून निघत नाही, मला माहीत आहे.

पण हनीफभाई जिवंत आहे. दुकान रोज दहाला उघडतो, आपल्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. तुला माती दिल्यापासून मी चार वेळा त्या रस्त्यानं गेलो. एकदा आत जाऊन बसलोही. त्यानं चहा मागवला, तुझ्याबद्दल बोलला, मी कप खाली ठेवला आणि येतो म्हणून उठलो.

त्याला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कॅसेट त्यानं पुसली नव्हती, मी पुसली. आणि तू त्याला मनापासून बोलावलं होतंस, मी नेलं नाही. हे दोन्ही मी त्याला अजून सांगितलेलं नाही.